फेरेटसाठी ‘ब्लड शुगर सपोर्ट’ थेंब: सहा आठवडे वापरले, मग लेबल वाचलं

बाटली दिसायला एकदम गोड आहे. ब्राऊन रंग, वर फेरेटचं चित्र, ड्रॉपरवालं झाकण आणि समोर ठळक अक्षरात ‘ब्लड शुगर सपोर्ट’. ६० मिली, टॅक्स धरून २९ डॉलर. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण अशा ढीगभर बाटल्या ऑनलाइन मिळतात, आतला माल साधारण तोच, एकीवर कुत्र्याचा फोटो, दुसरीवर मांजराचा, आमच्या नशिबात फेरेटवाली आली एवढंच.

आधी पेशंटची ओळख. आमचा बंड्या, फेरेट, नर, वजन सव्वा किलोच्या आसपास, कानात दोन ठिपक्यांचं टॅटू. आम्ही ओहायोत कोलंबसला राहतो, लेकीच्या हट्टापायी आला आणि आता माझ्याच उशाशी झोपतो. नाशिकला आई अजूनही त्याला मुंगूस म्हणते. अगं आई मुंगूस नाही ते, पाणमांजराच्या कुळातलं आहे, असं चार वर्षं सांगतेय, पण व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न ‘तुझं मुंगूस जेवलं का’ हाच. (कॅलिफोर्नियात फेरेट पाळणं बेकायदा आहे, नवऱ्याला तिकडचा एक बरा प्रोजेक्ट त्यामुळे सोडावा लागला, त्याबद्दल तो अजून टोमणे मारतो, असो.)

तर बंड्या पावणेपाच वर्षांचा असताना काहीतरी बिनसलं. एरवी हा प्राणी दिवसाचे १४-१५ तास झोपतो आणि उरलेल्या वेळात घर डोक्यावर घेतो, पाठीची कमान करून आडवा-तिडवा उड्या मारत येतो आणि ‘डुक डुक डुक’ असा आवाज काढतो. ते कमी झालं. मग एक दिवस हॉलमधून किचनकडे येताना मध्येच थांबला आणि भिंतीकडे बघत बसला, म्हणजे अक्षरशः शून्यात. हाक मारली तरी नाही. मिनिटभराने निघाला तेव्हा मागचे पाय फरशीवर घसरल्यासारखे, पसरत पसरत. तोंडातून लाळ, आणि पुढच्या पंज्याने तोंडाला खाजवल्यासारखं करणं, जसं काही टाळूला चिकटलंय. मी म्हटलं वय झालं, दातात काहीतरी अडकलं असेल. नेटवर वाचलं तर ‘फेरेटमध्ये शुगरचा प्रॉब्लेम असतो’ एवढं कळलं आणि तिथेच माती खाल्ली. कारण आपल्याकडे ‘शुगरचा प्रॉब्लेम’ म्हटलं की डोक्यात एकच गोष्ट येते. आमच्या घरात आजोबा, काका, मामा, सगळ्यांना ‘शुगर आहे’. त्यामुळे बंड्यालाही शुगर झाली असं मी गृहीत धरलं, ‘ब्लड शुगर सपोर्ट’ शोधलं, चार हजारांवर रिव्ह्यू, साडेचार स्टार, ऑर्डर.

आता थेंबांचा अनुभव. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच थेंब, चमच्यात. बंड्याला जाम आवडले. चाटूनपुसून चमचा साफ. आणि खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मला वाटलं काम करतंय! थेंब दिले की दहा-पंधरा मिनिटांत उठायचा, फिरायचा, एकदा तर मोजा पळवून सोफ्याखाली नेला. मी खूश, लेक खूश, मी स्वतः पाच स्टारचा रिव्ह्यू लिहून आले (तो आता काढलाय). पण मग तासा-दोन तासांनी पुन्हा गळून जायचा, आणि ते गळणं आधीपेक्षा जास्त वाटायचं. मी काय केलं? थेंब वाढवले. पाचाचे सात. सहा आठवडे हे चाललं, दुसरी बाटलीसुद्धा मागवली, ‘दोन घेतल्यास १५ टक्के सूट’ मिळत होती ना.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी सातला तो हॅमॉकमध्ये (त्याच्या टांगलेल्या झोळीत) उठेचना. फेरेट गाढ झोपतात, इतके गाढ की नवीन माणूस घाबरतो, मेला की काय म्हणून हलवून बघतो, आम्हाला ते सवयीचं होतं. पण यावेळी उचलला तर अंग गार, जबडा ओला, आणि हातातच झटके सुरू झाले. पाय ताणलेले, मान मागे. लेक रडायला लागली. नवऱ्याने एक्झॉटिक प्राण्यांच्या इमर्जन्सीला फोन लावला, तिकडून बाईंनी शांतपणे सांगितलं, घरात मध, कॉर्न सिरप काय असेल ते कापसाच्या काडीवर घ्या आणि हिरड्यांना चोळा, बोट घालू नका, झटक्यात तो बोट तोडेल, आणि तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. पॅनकेकसाठी आणलेलं कॉर्न सिरप होतं. चोळलं. तीन-चार मिनिटांनी डोळे फिरायचे थांबले. गाडीत घातला, पंचवीस मिनिटं लागली पोचायला, आणि एवढी साखर चोळूनसुद्धा तिथे शुगर आली ५२.

फेरेटची उपाशीपोटी शुगर साधारण ९० ते १२० च्या घरात असायला हवी. ७० च्या खाली गेली की डॉक्टर कान टवकारतात, ६० च्या खाली म्हणजे बहुतेक वेळा एकच रोग: इन्सुलिनोमा. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बारीक बारीक गाठी होतात आणि त्या गरज असो नसो इन्सुलिन ओततच राहतात. म्हणजे आपल्या आजोबांच्या बरोब्बर उलटं. आजोबांची साखर वर, बंड्याची खाली. फेरेटमध्ये डायबेटिस अगदी क्वचित, आणि हा इन्सुलिनोमा तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये अतिशय कॉमन, अमेरिकेत तर फेरेट पाळणारा आणि हा शब्द न ऐकलेला माणूस सापडणं कठीण. मी तो माणूस होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं काही सप्लिमेंट देताय का. मी पर्समधून बाटली काढली, जरा अभिमानानेच. त्यांनी मागचं लेबल वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, हे तुम्ही का देत होता? तेव्हा पहिल्यांदा मी ते लेबल नीट वाचलं. रात्री आईला कॉलवर तेच वाचून दाखवलं. फेन्युग्रीक. आई म्हणाली म्हणजे मेथीच की गं. बिटर मेलन. म्हणजे कारलं! जिम्नेमा. ते शोधलं तर निघालं गुडमार, म्हणजे जिचं पान चावलं की जिभेला गोड कळत नाही ती वेल. दालचिनी. आणि क्रोमियम. आई दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, ‘अगं हे तर तुझ्या मामाचं औषध झालं, त्याची शुगर खाली आणायला हेच तर घेतो तो. मुंगसाची आधीच खाली आहे म्हणतेस ना?’

आई दहावी शिकलेली आहे. बाटलीवाल्या कंपनीत कोणाला हे सुचलं नाही.

मग तो थेंब घेतल्यावर उठून फिरायचा ते काय होतं? त्याचं उत्तरही लेबलवरच होतं, सगळ्यात खाली, ‘इतर घटक’ मध्ये: व्हेजिटेबल ग्लिसरीन आणि मध. सगळा अर्क त्यातच कालवलेला. म्हणजे पोरगा गोडाने तरतरीत व्हायचा, जडीबुटीने नाही. आणि त्या गोडामागे त्याच्या गाठी अजून इन्सुलिन सोडायच्या, की शुगर पुन्हा धाडकन खाली. माझं थेंब वाढवणं म्हणजे झोका अजून उंच ढकलणं होतं. क्रोमियम-मेथीने एवढ्याशा डोसमध्ये किती बिघडवलं ते डॉक्टरही छातीठोक सांगू शकल्या नाहीत, मीही सांगत नाही. खरं नुकसान झालं ते सहा आठवड्यांचं, एका साध्या रक्त तपासणीला मी सहा आठवडे उशीर केला, बाटली आहे ना म्हणून.

‘सपोर्ट’ या शब्दाबद्दल थोडं, कारण मला त्याचा फार राग आहे. वर नेणार की खाली आणणार ते हा शब्द सांगतच नाही. ‘हेल्दी लेव्हल राखण्यास मदत’. कोणाची, कुठली, किती, काही नाही. नंतर मी जरा खोदून वाचलं. अमेरिकेत माणसांच्या सप्लिमेंटसाठी १९९४ चा कायदा आहे, पण १९९६ मध्येच एफडीएने (तिथल्या सरकारच्या अन्न-औषध खात्याने) जाहीर केलं की तो प्राण्यांच्या मालाला लागू नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत प्राण्यांचं ‘सप्लिमेंट’ असा वेगळा डबाच नाही, एक तर ते खाद्य, नाही तर औषध. औषध म्हणावं तर मंजुरी लागते, म्हणून ‘इन्सुलिनोमावर उपाय’ असं कोणी लिहीत नाही, ‘सपोर्ट’ लिहून मोकळे. नॅशनल अ‍ॅनिमल सप्लिमेंट कौन्सिल नावाची इंडस्ट्रीचीच एक संस्था आहे, २००१ पासून, त्यांचा पिवळा शिक्का काही डब्यांवर असतो, तो असला तर कंपनीने ऑडिट करून घेतलंय एवढं तरी कळतं, पण आतली गोष्ट तुमच्या प्राण्याला उपयोगी आहे की नाही ते शिक्का सांगत नाही. माझ्या बाटलीवर तोही नव्हता, पानाफुलांचं एक स्वतःच छापलेलं गोल चिन्ह होतं, मला ते शिक्क्यासारखं वाटलं होतं.

आता त्यानंतरच्या चौदा महिन्यांत अजून काय काय आणलं ते सांगते, कारण या रोगात माणूस कपाट भरून ठेवतो.

ट्यूबमधली व्हिटॅमिन पेस्ट. फेरेटवाल्या प्रत्येक घरात ही असतेच, नखं कापताना चाटवायला, औषध लपवायला. बंड्या लहान असल्यापासून रोज बोटभर मिळायची. लेबलवर पहिल्या तीन-चार नावांत कॉर्न सिरप, माल्ट सिरप, काकवी. डॉक्टर म्हणाल्या फेकू नका, इमर्जन्सी डब्यात ठेवा, झटका आला तर हिरड्यांना लावायला चालेल, रोजची बंद. तर रोजच्या खाऊसाठी शून्य, इमर्जन्सीसाठी ठीक, पण त्यासाठी कॉर्न सिरपची साधी बाटलीही चालते.

ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट. जुने फेरेटवाले लोक हे फार सांगतात, जेवणात चिमूटभर, म्हणे शुगर स्थिर राहते. यात क्रोमियम असतं म्हणून. पण क्रोमियमचं नाव निघतं ते इन्सुलिन जास्त चांगलं लागू व्हावं म्हणून, आणि आमच्याकडे इन्सुलिनची कमतरता कुठे होती? डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या ठोस पुरावा नाही. दोन आठवडे दिलं, फरक शून्य, पोटात गॅस मात्र झाला, आणि फेरेटचा गॅस म्हणजे काय ते ज्याच्या घरी फेरेट आहे त्यालाच कळेल. बंद.

माणसांचं ग्लुकोमीटर. हे सप्लिमेंट नाही पण याच नादात घेतलं. फार्मसीतलं साधं मशीन फेरेटच्या रक्तात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. एकदा ४१ दाखवलं, माझी पाचावर धारण बसली, धावत नेला तर तिथे ६६. शिवाय एवढ्याशा जिवाला टोचायचं कुठे. कपाटात पडून आहे, नवरा स्वतःची शुगर बघतो त्यावर.

आणि ज्याने खरंच फरक पडला ते बाटलीत नव्हतं, पातेल्यात होतं. फेरेट पक्का मांसाहारी, त्याचं आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. त्यामुळे दर तीन-चार तासांनी पोटात मांस जायला हवं, गोड नाही, धान्य नाही. फेरेटवाले याला ‘डक सूप’ म्हणतात, बदक असलंच पाहिजे असं काही नाही, कोणतंही मांस शिजवून, वाटून, पातळ करून. आमचं घर शाकाहारी. पहिल्यांदा चिकन आणलं तेव्हा पातेलं वेगळं, सुरी वेगळी, मिक्सरचं भांडं वेगळं, सगळ्यांच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. सुरुवातीला नाकाला ओढणी बांधून ढवळायचे. आता फोनवर बोलत बोलत एका हाताने कलेजी मोजते. चिकनच्या मांड्या, थोडी कलेजी, शिजवलेलं पाणी त्यातच, वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं, लागेल तशी एक-एक वडी कोमट करायची. पहाटे तीनचा अलार्म आहे, तो माझा, सकाळी सहाचा नवऱ्याचा.

विकतच्यात एकच गोष्ट मी मनापासून सुचवीन, ऑक्सबोची कार्निव्होर केअर पावडर, डॉक्टरांनीच दिली, मांसाहारी आजारी प्राण्यांसाठीची. कोमट पाण्यात पेस्ट करायची, बंड्या पहिल्या दिवशी सिरिंजने, दुसऱ्या दिवसापासून वाटीतून. प्रवासात किंवा डक सूप संपलं असताना तिने फार तारलंय. गुठळ्या नको असतील तर आधी थोड्याच पाण्यात घोटून घ्यायची, आपण पिठलं करताना बेसन कालवतो तसं. याला साडेचार स्टार, अर्धा यासाठी कापला की लेक म्हणते बाबांच्या प्रोटीन शेकसारखं दिसतं आणि नवऱ्याने एकदा खरंच ओठाला लावलं होतं.

कोरडं खाद्य घ्यायचं असेल तर एक हिशेब करत जा, पाकिटावर कार्बोहायड्रेट लिहिलेलं नसतं. प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा यांची बेरीज करायची, राखेचे (म्हणजे त्यातल्या खनिजांचे) अंदाजे ७ धरायचे, आणि १०० मधून वजा. आमचं जुनं ‘प्रीमियम ग्रेन-फ्री’: ३६, १८, ३, १० आणि ७, झाले ७४, म्हणजे उरलेले २६ टक्के कार्ब! ग्रेन नव्हतं बरोबर, पण वाटाणे आणि बटाट्याचं पीठ होतं. आकडे कमीत कमी-जास्तीत जास्त असे असतात त्यामुळे हिशेब मोघमच, पण डोळे उघडायला पुरेसा.

औषधाचंही सांगते कारण थेंबांच्या पानावर रिव्ह्यूमध्ये लोक लिहितात ‘याने आमचं प्रेड बंद झालं’. प्रेड म्हणजे प्रेडनिसोलोन, स्टेरॉइड, दिवसातून दोनदा. ते यकृताला जास्त साखर बनवायला लावतं, गाठींना काही करत नाही, त्यामुळे डोस हळूहळू वाढत जातो, आमचा दोनदा वाढलाय. ते मनाने अचानक बंद करायचं नसतं, स्टेरॉइड आहे, खेळ नाही. पुढे डायझॉक्साइड म्हणून दुसरं औषध जोडतात, ते इन्सुलिन सुटणंच दाबतं, पण महाग. ऑपरेशन करून गाठी काढता येतात, बरेचजण करतात, तरी नंतर पुन्हा होऊ शकतात. आम्ही खर्चाचा आकडा आणि बंड्याचं वय बघून नाही केलं, बरोबर केलं की चूक, माहीत नाही. आणि हो, लहान मुलांसाठीचं प्रेडचं सिरप देणार असाल तर त्यात साखर किंवा अल्कोहोल आहे का विचारा, आम्ही कंपाउंडिंग फार्मसीतून (औषध हवं तसं बनवून देणारं दुकान) बिनसाखरेचं, चिकनच्या चवीचं करून घेतो. घरात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं काही असेल, शुगर-फ्री च्युइंगगम, काही पीनट बटर, ते कपाटात कुलूप लावून ठेवा, कुत्र्यांमध्ये ते इन्सुलिन भसाभसा सोडायला लावतं हे पक्कं माहीत आहे, आधीच इन्सुलिन उतू जाणाऱ्या फेरेटवर प्रयोग कोण करणार.

बाटलीवाल्यांना मी ईमेल केला होता. सरळ प्रश्न: तुमचं प्रॉडक्ट शुगर वाढवतं की कमी करतं, आणि फेरेटला बहुतेक कमी शुगरचाच त्रास असतो हे तुम्हाला माहीत आहे का. चार दिवसांनी उत्तर आलं की आमचे थेंब शरीराला नैसर्गिक संतुलन साधायला मदत करतात, आणि बंड्याला शुभेच्छा, सोबत पुढच्या ऑर्डरवर १० टक्क्यांचं कुपन. परत करायची ३० दिवसांची मुदत उलटून गेली होती, न उघडलेली दुसरी बाटलीसुद्धा घेतली नाही.

बंड्या आता सहाला टेकलाय. मागचा पाय अजून कधीकधी घसरतो, डुक-डुक दिवसातून एकदाच होतं, ते पण रात्री अकराला. गेल्या महिन्यात तपासणीच्या आधी तीन तास उपाशी ठेवलं होतं, अर्थात दवाखान्यातच, त्यांच्या नजरेसमोर, तेव्हा ८१ आली. आईला सांगितलं तर म्हणाली वा, मामापेक्षा चांगली आहे.

थेंबांना एक स्टार दिलाय तो ड्रॉपरचा. प्लॅस्टिकचा आहे, बंड्याने चावला तरी फुटत नाही, आणि थेंब एकदम मोजून पडतो. गरम पाण्याने धुवून आता त्याच्यात सामन माशाचं तेल भरते, नखं कापायच्या दिवशी तीन थेंब त्याच्या पोटावर टाकायचे, तो वाकून चाटत बसतो आणि तेवढ्यात माझे दोन पंजे उरकतात.